पटावरची माणसं

बाई लहान मुलांना अहोजाहो करायच्या आणि त्यांच्या आईबापांना अरेतुरे. सहा वर्षांच्या पोराला "या, बसा. आज उशीर का केलात?" आणि त्याला सोडायला आलेल्या मिशीवाल्या बापाला "तू काय उभा आहेस? जा कामाला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वयामुळे बाईंची गल्लत होत असेल. पण गल्लत वगैरे काही नव्हती. एकदा प्रभागाचे नगरसेवक वह्या वाटायला शाळेत आले होते. फोटोसाठी ते मधोमध उभे राहिले तर बाई म्हणाल्या, "तू जरा कडेला हो. यांना दिसत नाहीये." यांना म्हणजे दुसरीतल्या मुलांना. नगरसेवक निमूटपणे कडेला झाले. नंतर कळलं की तेही लहानपणी याच बाईंच्या हाताखालून गेले होते, आणि तेव्हा त्यांनाही अहो ऐकायला मिळत होतं.

बाई म्हणजे पंचवटीतल्या एका छोट्या मनपा शाळेच्या मुख्याध्यापिका. आता निवृत्त होऊन घोटीला भावाकडे असतात. ठेंगणी मूर्ती, खळ घातलेली सुती साडी आणि तिच्याखाली कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या कुठेही चालतच जायच्या, आणि चालायच्या त्या गल्लीच्या बरोबर मधून. मागे रिक्षा आली तरी बाजूला व्हायच्या नाहीत. आमच्या भागातले रिक्षावाले एरवी देवालाही हॉर्न मारतील, पण बाई पुढे असल्या की गपगुमान मागून सरकायचे. कुणी स्कूटरवर बस म्हटलं तर म्हणायच्या, "वरून काही दिसत नाही रे."

माझं त्याच भागात झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावापुरतं, खरा धंदा ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा. दाखले, परीक्षा, रेशन, पेन्शन, जे म्हणाल ते. या धंद्याने माणूस भोचक होतो. कुणाचं लग्न कधी झालं, कुणाच्या आधारकार्डावर वय चोरलेलं आहे, हे मला गिऱ्हाइकाने न सांगता कळतं. त्यामुळे एखादा माणूस कळला नाही की मला चैन पडत नाही, आणि बाई मला बरेच दिवस कळल्या नाहीत.

त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्या एका गाढवपणामुळे.

खासगी शाळांमध्ये पंचवीस टक्के जागा मोफत असतात. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा, मग सोडत निघते. अर्जात एक नकाशा येतो आणि त्यावर एक लाल फुगा. तो फुगा सरकवत नेऊन आपल्या घरावर ठेवायचा, कारण घर ते शाळा हे अंतर त्या फुग्यापासून मोजतात. त्या हंगामात माझ्या दुकानापुढे आईबापांची रांग असायची. मी एकेकाचा फुगा इतका नेमका ठेवायचो की गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा हुकायची नाही. आमची ओवी तेव्हा सहा वर्षांची होत होती. तिचा अर्ज मी शेवटच्या दिवशी, जेवायला घरी जायच्या घाईत भरला. नेट रडत होतं. फुगा अर्ध्यात अडकला, मी म्हटलं सरकेल मागाहून, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून अर्ज पाठवून मोकळा झालो.

सोडतीत ओवीचं नाव लागलं, तेही मला हव्या त्याच इंग्रजी शाळेत. मी गल्लीत पेढे वाटले. ओवीला रोज संध्याकाळी नेऊन त्या शाळेचं मोठं निळं फाटक दाखवून आणायचो. मग कागदपत्रांची पडताळणी झाली. तिथल्या माणसाने संगणकावर नकाशा मोठा केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही नावेत राहता का?"

फुगा गंगेत होता. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. त्या गंगेच्या बरोबर मध्यावर, पाण्यात, आमचं घर. राहण्याचा पुरावा एका ठिकाणचा आणि अर्जातलं घर दुसरीकडे, म्हणून प्रवेश रद्द. मी हातापाया पडलो, वरच्या समितीकडे तक्रार अर्जही दिला. अशा अर्जांचं पुढे काही होत नाही, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असे.

बायको त्या दिवशी भांडली नाही. फक्त म्हणाली, "लोकांची घरं बरोबर लावलीत. आपलं तेवढं बुडवलंत." ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग जून उजाडला आणि मी शाळा शोधत फिरू लागलो. कुठे जागा भरलेल्या, कुठे फी ऐकूनच पायऱ्या उतरलो. एका ठिकाणी बाहेरच्या बाकावर तासभर बसवून "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणाले. शेजारची मुलं नवी दप्तरं घेऊन जाऊ लागली. ओवी गॅलरीत उभी राहून त्यांना बघायची आणि आत येऊन काही न बोलता बसायची. मूळचीच ती अबोल, बाहेरच्या माणसापुढे तर तोंडातून शब्द निघायचा नाही. तिचं वर्ष वाया जाणार या विचाराने माझी अन्नावरची वासना उडाली होती. शेवटी बायकोच म्हणाली, "मागच्या गल्लीत शाळा आहे की."

होती. माझ्या दुकानाच्या मागेच होती. पण मी तिथे फक्त मतदानाला गेलो होतो. तिच्याकडे शाळा म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं, हे सांगायला आज मला लाज वाटते.

गेलो तर बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पहिलीच्या वर्गात उणीपुरी पाच मुलं. मला वाटलं होतं, आम्हाला बघून यांना हर्ष होईल. बाईंनी माझे कागद चाळले, ओवीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "राहतोस कुठे?"

मी पत्ता सांगितला.

"पत्ता आहे इथे लिहिलेला. वाट सांग."

"म्हणजे?"

"ते तुला नाही जमायचं. ही सांगेल. उद्या घरून निघायचं ते हिने पुढे, तू दहा पावलं मागे. बोट धरायचं नाही, हाक मारायची नाही, खुणा करायच्या नाहीत. हिने तुला शाळेत आणलं की मी हिचं नाव पटावर घेते."

मी पडलो फॉर्मवाला. मला सगळे नियम पाठ. "बाई, प्रवेशासाठी मुलांची चाचणी घेता येत नाही. कायद्याने बंदी आहे."

"हिची कुठे घेतेय? तुझी घेतेय."

"पालकांचीही घेता येत नाही."

"मग कर तक्रार," बाई शांतपणे म्हणाल्या. "फॉर्म भरता येतो ना तुला?"

दुसऱ्या दिवशी निघालो. ओवी पुढे, मी मागे. चप्पलवाल्यापर्यंत ठीक होतं. तिथून डावीकडे वळायचं, तर ही सरळ निघाली. मला हाक मारायची बंदी. फुलबाजार गेला, मोठा रस्ता आला. रस्त्यावर मी धावत जाऊन तिच्या शेजारून चाललो, पण तोंडातून शब्द काढला नाही. आणि अखेर आम्ही पोचलो ते निळ्या फाटकापाशी. तिथला वॉचमन मला ओळखू लागला होता. "काय, पुन्हा आलात?" म्हणाला. ओवी फाटकाला हात लावून माझ्याकडे वळली आणि शाबासकीची वाट बघू लागली. मी तिला उचलून घेतलं आणि तसाच मागे फिरलो. रस्त्यात माझे डोळे भरून आले ते तिला दिसू नयेत म्हणून मान दुसरीकडे करून चालत होतो.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चुकली नाही ती. तू दाखवलंस तिथेच गेली. आता इथली वाट दाखव आणि चार दिवसांनी ये."

मी चिडलो होतो. ज्या शाळेला पोरं मिळत नाहीत, जिथले शिक्षक उन्हात घरोघर फिरून "तुमचं मूल आमच्याकडे घाला" म्हणून विनवतात, त्या शाळेची बाई पायाने चालत आलेलं पोर परत का पाठवते? मी चौकशा सुरू केल्या. समोरचा चहावाला म्हणाला, कुंभमेळ्यात बाईंच्या वर्गातलं एक पोर हरवलं होतं, तेव्हापासून हे खूळ. शाळेतल्या शिपाई मावशी नांदगावकडच्या. त्यांनी चहावाल्याला पार उडवून लावलं. "कुनी हरवलं नव्हतं. काय बी सांगतो त्यो. बाईंना पत्ता वाचून घर नाय सापडत, वाट सांगितली का सापडतं. डोकंच तसं हाय त्यांचं. बाकी मानूस लय चांगलं." मला दोन्ही पटेनात.

चार दिवस मी दुकान उशिरा उघडलं आणि ओवीबरोबर ती वाट चाललो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी या गल्लीत दहा वर्षं दुकान चालवतोय, पण कोपऱ्यावरच्या घरात पोपट आहे हे मला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी ती पुढे आणि मी मागे, बिनचूक शाळेत. बाई फाटकाशी उभ्याच होत्या. त्यांनी ओवीला खुर्चीत बसवलं, स्वतः पायरीवर बसल्या आणि विचारलं, "वाटेत काय काय लागलं?"

ओवी गप्प. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. बाईंना घाई नव्हती. मग ओवी हळू आवाजात म्हणाली, "चप्पलवाले काका." आणि मग सुरूच झालं. पोपट. आजी फुलांची टोपली घेऊन बसते ती पायरी. गटाराला झाकण नाही तिथे उडी. पिठाच्या गिरणीचा आवाज. एक कुत्री, तिचा एक कान दुमडलेला. बाई पेन्सिलीने सगळं लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मोठं रजिस्टर उघडलं, शाईने नाव घातलं, पत्ता घातला, आणि वाटेचा तो कागद त्याच पानाला टाचून ठेवला. मग उठून हात जोडत म्हणाल्या, "या ओवी, तुमचा नंबर सहा. तुम्ही खिडकीपाशी बसा."

कालपर्यंत तिला त्या "ही" म्हणत होत्या. मी न राहवून विचारलं, "बाई, हे मुलांना तुम्ही आणि आम्हाला तू, असं का?"

"पटावर आहेत ते. तू कुठल्या पटावर आहेस आता?" असं म्हणून त्या वर्गात गेल्या. माझं समाधान झालं नाही, पण ओवीला बसायला जागा मिळाली होती. मी दुकानात जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

तो टाचलेला कागद कशासाठी, हे मला महिन्याभरात कळलं. ओवीला ताप आला म्हणून ती तीन दिवस घरी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर बाई, हातात तो कागद, बूट चिखलाने माखलेले. आत न येता म्हणाल्या, "अरे, त्या गटारावर झाकण बसवलंय की. उडी कुठे मारायची ते कळेना, मी मागे जाऊन दोनदा बघितलं." मग ओवीच्या उशाशी बसून वर्गात काय काय झालं ते त्यांनी तिला सविस्तर सांगितलं, एखाद्या कामावरच्या माणसाला सांगावं तसं. कोण पडलं, कुणाचा दात गेला, खिचडीत मीठ जास्त कसं झालं. ओवीने पांघरुणातून चार प्रश्न विचारले. बायकोने चहा ठेवला तो गार झाला.

मला बाई आवडू लागल्या होत्या. ओवी घरी येऊन पाटीवर लिहायची, आणि मला "तुम्ही हात धुतलेत का?" असं बाईंच्या आवाजात विचारायची. अशात, मी साफ विसरलेल्या त्या तक्रार अर्जाचं उत्तर फोनवर आलं. तक्रार मान्य. मूळ शाळेत प्रवेश दिला आहे. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत कागदपत्रांसह हजर राहावे, अन्यथा हक्क राहणार नाही. कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखलाही होता.

मी तो मेसेज किती वेळा वाचला असेन कोण जाणे. आठवीपर्यंत मोफत. निळं फाटक. बायको म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "यात वाटायचं काय आहे?" सकाळी ओवीला काहीच न सांगता तिला शाळेत सोडलं आणि मी दुकान न उघडता बाईंपुढे जाऊन उभा राहिलो.

"थांब. हजेरी होऊ दे," त्या म्हणाल्या.

बाई हजेरी उभ्याने घ्यायच्या. एकेक नाव घ्यायचं, पुस्तकातून मान वर करायची, त्या मुलाकडे बघायचं, ते "हजर" म्हणालं की मान हलवायची, मगच पुढचं नाव. सहा मुलांची हजेरी, पण एखादा कार्यक्रम चालल्यासारखा वेळ जायचा. शेवटी ओवीचं नाव आलं. ती "हजर, बाई" म्हणाली. व्हरांड्यात मला स्पष्ट ऐकू आलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना मेसेज दाखवला. त्यांनी वाचला, "छान झालं" म्हणाल्या, आणि दाखल्याचं पुस्तक आणायला मावशींना पाठवलं. रुसवा नाही, टोमणा नाही. त्यामुळेच मला अवघडल्यासारखं झालं आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाई, तुम्ही हजेरी अशी का घेता?"

"विचारलंस म्हणून सांगते," बाई म्हणाल्या. "आम्ही घोटीचे. वडील भाताच्या गिरणीत हमाल. आईला अक्षर येत नव्हतं. माझं नाव घातलं एका शाळेत, आणि पहिल्या दिवशी आईने मला बसवलं समोरच्या शाळेत. दोन्ही फाटकं समोरासमोर. जिथे पोरं घुसत होती तिथे तिने मला सोडलं आणि गेली कामावर. मी चार महिने तिथे बसले."

"चार महिने? कुणी विचारलं नाही?"

"तेव्हा धाकटी भावंडं घेऊन पोरं यायचीच शाळेत. गुरुजींना वाटलं, असेल कुणाची तरी बहीण. रोज हजेरी व्हायची. सगळ्यांची नावं यायची, माझं यायचं नाही. मला वाटलं, शाळेत असंच असतं. काहींना हाक मारतात, काहींना नाही." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मग तपासणीला साहेब आले. त्यांनी डोकी मोजली. पटापेक्षा एक जास्त भरलं. गुरुजी मला म्हणाले, ए, तू कोण गं? ऊठ. मी उठले. तिकडे माझं नाव होतं त्या शाळेत गेलो तर सतत गैरहजर म्हणून नाव कमी केलेलं. ते वर्ष गेलं माझं."

मी म्हटलं, "तुमच्या आईंना फार वाईट वाटलं असेल."

"तिला वाट माहीत नव्हती रे. दुसरं काही नाही," बाई म्हणाल्या, आणि मावशींनी पुस्तक आणलं तसं त्यांनी पेन उघडलं.

नाव लिहिलं. आईचं नाव. जन्मतारीख, अक्षरी आणि अंकी. इयत्ता. प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. मी उलटीकडून वाचत होतो, सवयच ती. पेन एका रकान्याशी थांबलं.

"शाळा सोडण्याचं कारण. काय लिहू?"

"लिहा ना, पालकांच्या विनंतीवरून." असे शेकडो दाखले माझ्या मशीनखालून गेलेत. सगळ्यांवर हेच असतं.

"तेच लिहिते मी सगळ्यांचं," बाई म्हणाल्या. "पण ओवी तुझ्याइतक्याच धडपडीने इथे आल्यात. सोडणार त्याही त्याच. एकदा विचारते." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी हाक मारली, "ओवी, जरा बाहेर येता का?"

ओवी आली. हाताला खडू लागलेला. बाई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाबांना तुमच्यासाठी मोठी शाळा मिळालीय. निळ्या फाटकाची. ते तुम्हाला तिकडे न्यायला आलेत. इथे मला लिहावं लागतं, ही शाळा तुम्ही का सोडताय ते. काय लिहू?"

ओवीने माझ्याकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न केला. निळं फाटक तिला आठवत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. खरं सांगतो, तिने काय म्हणावं असं मला वाटत होतं ते मलाच ठरवता येईना.

"पण मी तर आत्ताच आले," ओवी म्हणाली.

बाईंनी लिहिलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या, अजून काही येतंय का बघत.

"अजून 'घ' पण नाही झाला," ती म्हणाली. मग आत वळून बघत, "मी जाऊ? माझी पाळी आहे फळ्यावर." बाईंनी मान हलवली. ती पळत आत गेली.

बाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठल्या आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तुला अधिकार आहे. तू लिही कारण. मी सही करते."

मी लोकांच्या अर्जातले हजारो रकाने भरलेत. उत्पन्न कमी का, नाव बदललं का, नवरा सोडून का गेला. कुठल्याही प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. ते पेन हातात घेऊन मी त्या रकान्याकडे बघत उभा राहिलो. आत फळ्यावर खडू करकरत होता. मी पेन परत दिलं. बाईंनी पानावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं, माझी सही घेतली आणि पुस्तक मावशींच्या हातात दिलं.

लोक मला अजून वेड्यात काढतात. ज्याने अख्ख्या पंचवटीला फॉर्म भरून दिले त्याने हातची जागा सोडली म्हणून हसतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी दुकानात माझं कशात लक्ष नव्हतं. एकाच्या पॅनकार्डाच्या झेरॉक्स दुसऱ्याला दिल्या. सव्वाचारला वाटलं अजून वेळ आहे, साडेचारला वाटलं रिक्षाने गेलो तर पोचेन. मग मी शटर अर्धं ओढलं आणि मागच्या गल्लीत जाऊन फाटकाशी इतर आयांमध्ये उभा राहिलो. पाच वाजले. तिकडची मुदत संपली, आणि आमच्या शाळेची घंटा झाली.